पाणी शुद्ध होतं, टाकीपर्यंत

मिसूरी राज्याच्या नकाशात आग्नेय कोपऱ्यात एक तुकडा खाली लोंबताना दिसतो. बुटाच्या टाचेसारखा, म्हणून त्या भागाला बूटहील म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी इथे दलदल आणि जंगल होतं. १९०७ साली लिटल रिव्हर ड्रेनेज डिस्ट्रिक्ट स्थापन झाला, मैलोन्‌मैल चर खणून पाणी काढून दिलं, लाकूड कंपन्यांनी झाडं तोडली आणि मोकळ्या झालेल्या काळ्या जमिनीत कापूस आला. न्यू मॅड्रिड काउंटीतलं गिडियन हे अशाच लाकडावर वसलेलं आणि मग कापसावर टिकलेलं गाव. १९९३ साली वस्ती साधारण १,१००.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात गिडियन आणि आसपासच्या वस्तीतली ६५० हून अधिक माणसं जुलाब-तापाने आजारी पडली. १५ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. ७ जण दगावले; सातही जण गावातल्या वृद्धाश्रमात राहणारे होते. जंतू सॅल्मोनेला टायफिम्युरियम, आणि तो आला नळाच्या पाण्यातून.

त्याच वर्षी वसंतात मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीमुळे चार लाखांवर लोक आजारी पडले होते, त्यामुळे गिडियनची बातमी बाहेर फारशी गेलीच नाही. माझ्या मते मात्र छोट्या गावांचं पाणी सांभाळणाऱ्यांसाठी गिडियन जास्त उपयोगाचं आहे. मिलवॉकीत पाणी मिशिगन सरोवराचं, उघड्यावरचं. ते गाळून, जंतू मारून देणारं केंद्र कमी पडलं. गिडियनमध्ये मुळात पाणी स्वच्छ होतं.

गावाला पाणीपुरवठा होत होता एकमेकींजवळच्या दोन बोअरमधून. खोली सुमारे १,३०० फूट. इतक्या खालच्या थरात वरचं सांडपाणी पोचत नाही, त्यामुळे या पाण्यात जंतू नसत आणि म्हणूनच त्यात क्लोरीनही घातला जात नसे. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल (क्लोरीनची) पावडर पडली की नाही यावरून सभेत वाद झालेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे चमत्कारिक वाटेल. पण अमेरिकेत खोल भूजलावर चालणाऱ्या अनेक लहान योजना तेव्हा क्लोरीनशिवायच चालत आणि त्यात बेकायदा काही नव्हतं. लोकांनाही क्लोरीनचा वास नसलेलं पाणी आवडे.

व्यवस्था मुळात १९३० च्या दशकातली. नळ लोखंडाचे, आतून अस्तर नसलेले, दोन ते सहा इंची. साठ वर्षांत त्यांच्या आत गंजाच्या गाठी धरलेल्या. पाणी सावकाश वाहत असताना दाब ठीक असे. एकदम जास्त उपसा झाला की दाब कोसळे. गावाच्या मालकीच्या दोन उंच टाक्या होत्या, एक ५० हजार गॅलनची आणि दुसरी एक लाख गॅलनची. लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे १ लाख ९० हजार आणि ३ लाख ८० हजार. याशिवाय तिसरी एक टाकी होती, तीही एक लाख गॅलनची, पण खासगी. कापसाच्या गाठी दाबून साठवणाऱ्या वखारीच्या आवारात ती उभी होती. कापूस पेटला तर विझत नाही, म्हणून वखारीत आगीसाठी स्प्रिंकलर आणि त्यांच्यासाठी ही टाकी. गावच्या नळांशी ती जोडलेली होती. मध्ये पाणी उलटं येऊ नये म्हणून बॅकफ्लो व्हॉल्व्ह.

इथे उंच टाकीचं काम थोडं समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी टाकी भरतात आणि मग ठरावीक वेळी पाणी सोडतात; टाकी रोज रिकामी होते. अमेरिकन गावातली टाकी तशी नसते. ती चोवीस तास नळांच्या जाळ्याला जोडलेली राहते. पंप चालला आणि गावात वापर कमी असला की जादा पाणी टाकीत चढतं, वापर वाढला की तेच खाली येतं. जुन्या टाक्यांमध्ये अनेकदा चढायला आणि उतरायला एकच पाइप असतो, टाकीच्या तळाला. म्हणजे शेवटी चढलेलं पाणी आधी उतरतं. तळाचं पाणी खेळतं राहतं. वरचं मात्र दिवसेंदिवस तिथंच पडून राहतं. तळाशी गाळ बसतो, तोही तसाच. अग्निशमनासाठी टाकी कायम भरलेली ठेवायची असते, त्यामुळे पाणी जुनं होण्याची सोय जणू नियमातच करून ठेवलेली. पाण्यात क्लोरीन असेल तर या मुक्कामात तो उडून जातो. गिडियनमध्ये तर उडायलाही काही नव्हतं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला गावातून तक्रारी यायला लागल्या, की पाण्याला वास येतोय, चव बिघडली आहे. तपास करणाऱ्यांचा नंतरचा अंदाज असा, की त्या दिवसांत थंडी अचानक पडली, टाकीतल्या वरच्या थराचं पाणी गार होऊन जड झालं आणि खाली बसलं. महिनोन्‌महिने वर साचलेलं शिळं पाणी असं तळाशी येऊन नळात उतरलं. तळ्यांमध्ये हिवाळ्याच्या तोंडावर हेच घडतं. टाकी लहान असली तरी पदार्थविज्ञान तेच.

वासाच्या तक्रारीवर पाणीपुरवठा खात्याचा ठरलेला उपाय म्हणजे फ्लशिंग. हायड्रंट, म्हणजे आगीसाठी रस्त्याकडेला बसवलेल्या मोठ्या तोट्या, एकामागून एक पूर्ण उघडायचे, पाणी जोरात सोडायचं, नळातला गाळ आणि जुनं पाणी रस्त्यावर काढून टाकायचं. बुधवार, १० नोव्हेंबरला गिडियनमध्ये हेच केलं. गावातले सगळे ५० हायड्रंट सकाळपासून क्रमाने उघडले, प्रत्येक १५ मिनिटं, मिनिटाला सुमारे ७५० गॅलन वेगाने. पंप त्या दिवशी जवळपास बारा तास पूर्ण ताकदीने चालू होता.

नुसत्या या आकड्यांचा हिशेब मांडला तरी काय झालं ते कळतं. ५० हायड्रंट, प्रत्येकी सव्वाअकरा हजार गॅलन, म्हणजे एका दिवसात साडेपाच लाख गॅलनहून जास्त पाणी बाहेर गेलं. गावच्या दोन्ही टाक्या मिळून क्षमता दीड लाख. पंप पूर्ण वेगात असूनही पुरा पडत नव्हता याचा अर्थ टाक्या रिकाम्या होत होत्या. जे पाणी महिनोन्‌महिने टाकीत निवांत होतं ते, आणि त्याबरोबर खवळलेला तळाचा गाळ, गंजलेल्या नळांमधून गावभर फिरला. नळ धुवायला काढले आणि टाकीची घाण घरोघरी पोचली. ज्याने हायड्रंट उघडले त्याला दोष देता येणार नाही; त्याच्या जागी कोणत्याही गावातल्या माणसाने तेच केलं असतं.

सॅल्मोनेलाचं एक आहे, तो तासाभरात ओरडत नाही. कोणाला दोन दिवसांनी जुलाब, कोणाला आठवड्याने, आणि बहुतेक लोक डॉक्टरकडे न जाता दुकानातून गोळ्या आणून घरीच पडून राहतात. शाळेतली गैरहजेरी, वृद्धाश्रमातले जुलाबाचे रुग्ण, जुलाबाच्या औषधांची विक्री, या सगळ्या वेगवेगळ्या वह्या होत्या आणि त्या एकत्र कोणी पाहत नव्हतं. नंतर साथरोग तज्ज्ञांनी त्याच वह्या मागवून साथीचा आलेख काढला. डिसेंबरच्या मध्याला मिसूरीच्या आरोग्य विभागाकडे गिडियनच्या हायस्कूलमधल्या दोन मुलांचे अहवाल आले, दोघांनाही सॅल्मोनेला. दोन दिवसांत आणखी पाच रुग्ण दाखल: एक विद्यार्थी, पाळणाघरातलं एक मूल, वृद्धाश्रमातले दोघे आणि वृद्धाश्रमात कोणाला तरी भेटायला आलेली एक व्यक्ती. सगळ्यांनी खाल्लेला असा एकही पदार्थ सापडेना. पाणी मात्र सगळ्यांनी गावचंच प्यायलेलं.

त्यात जंतूची जात मदतीला आली. सॅल्मोनेलाच्या बहुतेक जाती डल्सिटॉल नावाची साखर पचवतात. ही पचवत नव्हती. प्रयोगशाळेत असा वेगळा वागणारा जंतू एकाच गावातल्या इतक्या माणसांत सापडला, म्हणजे उगम एकच असणार. पाण्याचे नमुने घेतले तर कोलिफॉर्म जंतू, म्हणजे पाणी दूषित झाल्याची खूण मानले जाणारे जंतू, निघाले, पुढच्या काही दिवसांत विष्ठेतून येणारे कोलिफॉर्मही निघाले आणि एका हायड्रंटच्या पाण्यात तोच डल्सिटॉल न पचवणारा सॅल्मोनेला.

मग आधीच्या चाचण्यांत काही कसं दिसलं नाही? एक हजारापेक्षा थोडी जास्त वस्ती असलेल्या योजनेला तेव्हाच्या नियमाप्रमाणे महिन्याला दोन नमुने पुरत. दोन बाटल्या! घाण टाकीतून झटक्याझटक्याने खाली येत असेल तर ती नेमकी त्या दोन बाटल्यांत सापडायला नशीबच लागतं. शिवाय ‘पाणी १,३०० फुटांवरचं आहे’ हे सगळ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं होतं, की शंका घ्यावी असं कोणाला वाटलंच नसावं.

शनिवार, १८ डिसेंबरला पाणी उकळून पिण्याचा आदेश निघाला. फ्लशिंग होऊन तोपर्यंत ३८ दिवस उलटले होते. नगरपालिकेच्या इमारतीवर आणि किराणा दुकानात सूचना लावली, परिसरातल्या दोन रेडिओ केंद्रांनी ती सांगितली. घरोघरच्या टपालपेट्यांत प्रश्नोत्तरांचं माहितीपत्रक पडलं ते २९ तारखेला. मधल्या अकरा दिवसांत ख्रिसमस होऊन गेला, घरात पाहुणे, स्वयंपाक, मुलांना सुट्ट्या.

या प्रकरणातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हा आहे, टाकीपेक्षाही. अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, नंतर घरोघर पाहणी केली. गावातल्या ९८ कुटुंबांपैकी ३० कुटुंबांत, आदेश कळल्यानंतरही कोणी ना कोणी न उकळलेलं पाणी प्यायलं होतं. त्यातले १४ जण पुढे आजारी पडले. कारण विचारल्यावर ४४ टक्के लोकांनी सांगितलं की लक्षातच राहिलं नाही. २५ टक्के म्हणाले, खरं वाटलं नाही.

‘खरं वाटलं नाही’ हे उत्तर आडमुठेपणाचं नव्हतं. आजोबांपासून तेच पाणी, दिसायला नितळ, बोअर खोल, क्लोरीन लागत नाही असा लौकिक. एक कागद येऊन म्हणतो यात विष्ठेचे जंतू आहेत, तर माणूस कागदावर विश्वास ठेवेल की साठ वर्षांच्या सवयीवर? आणि ‘लक्षात राहिलं नाही’ हे तर त्याहून सोपं आहे. पिण्याचं पाणी उकळून ठेवलं तरी दात घासताना हात नळाकडेच जातो. रात्री उठून तहान लागली तर कोण गॅस पेटवतो? आदेश काढणाऱ्याच्या दृष्टीने शनिवारी काम संपलं होतं. घरात ते दर घोटाला नव्याने करावं लागत होतं. त्या पाहणीतला आणखी एक आकडा: गावचं पाणी पिणाऱ्यांना आजाराचा धोका न पिणाऱ्यांच्या तुलनेत नऊ पट होता, आणि जितकं जास्त पाणी पोटात गेलं तितका तो वाढत गेला.

२३ डिसेंबरला राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाने तातडीचं क्लोरीन यंत्र आणून बसवलं.

सीडीसीने पुढे पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, सिनसिनाटीतल्या अभियंत्यांना बोलावलं. रॉबर्ट क्लार्क आणि एडविन गेल्ड्रिच ही त्या गटातली ओळखीची नावं. त्यांनी प्रत्यक्ष गावात जाऊन पाहिलं तेव्हा मोठ्या नगरपालिका टाकीच्या छपरावर कबुतरांचा थवाच बसलेला. त्याआधी एका टाकी-निरीक्षकाने वखारीची टाकी तपासली होती. वरच्या बाजूला भोकं, सगळीकडे गंज, आत पाण्यावर तरंगणारी पिसं. त्याच्या सांगण्यानुसार पाणी काळं दिसत होतं आणि इतकं गढूळ, की तळ दिसेना. नंतरच्या तपासणीत गावच्या मोठ्या टाकीचीही तीच तऱ्हा निघाली. पक्ष्यांची विष्ठा आत पडू शकेल इतकी ती मोडकळीस आलेली, आणि तोंडाशी पिसं.

आता कुठल्या टाकीतून जंतू आले? आधी संशय वखारीच्या टाकीवर होता: फ्लशिंगच्या वेळी गावात दाब पडला, बॅकफ्लो व्हॉल्व्ह निकामी झाला आणि तिकडचं काळं पाणी इकडे आलं. व्हॉल्व्ह खणून काढला. तो व्यवस्थित चालत होता. वखारीच्या टाकीतलं पाणी तपासायला मिळालं नाही, कारण तपासणीच्या गडबडीत टाकी चुकून रिकामी झाली. तळाचा गाळ तेवढा राहिला आणि त्यात डल्सिटॉल न पचवणारा टायफिम्युरियम सापडला. रुग्णांमधला आणि हायड्रंटमधला जंतू डीएनएच्या ठशात एकमेकांशी जुळले. टाकीतल्या गाळाचा ठसा मात्र तंतोतंत जुळला नाही.

मग संगणकाकडे वळले. ईपीएने तेव्हा नुकताच एपानेट नावाचा प्रोग्राम तयार केला होता, नळांच्या जाळ्यात पाणी कुठून कुठे जातं ते मांडणारा. त्यात गिडियनचे नळ, टाक्या, पंप आणि १० नोव्हेंबरला हायड्रंट ज्या क्रमाने उघडले तो क्रम भरला. पहिल्या सहा तासांत टाकीचं पाणी ज्या भागात पसरलं, त्याच भागात शाळा आणि वृद्धाश्रम होते. सुरुवातीचे रुग्ण आणि दूषित निघालेले बहुतेक नमुनेही त्याच पट्ट्यातले. हा शब्दशः पुरावा नव्हे, मॉडेल आहे. पण व्हॉल्व्ह शाबूत होता ही गोष्ट धरली तर माझा कल गावच्या मोठ्या टाकीकडे जातो. कबुतरं एका छपरावरून दुसऱ्यावर जात असणार, तेव्हा दोन्हीकडे सारख्याच जातीचे जंतू मिळणं स्वाभाविक आहे.

न्यायालयात उभं करावं असं इथे कोणी सापडत नाही. वखारीला टाकी हवी होती आगीसाठी. तिचं पाणी कोणी पिणार आहे असं वखारवाल्याच्या मनात येण्याचं कारण नव्हतं. नगरपालिकेचं लक्ष पंपावर, गळतीवर, बिलांवर. राज्याचा निरीक्षक बोअर पाहून आणि कागद पाहून समाधानी. शंभर फूट शिडी चढून टाकीच्या माथ्यावरचं झाकण नीट बसतंय का, व्हेंटची, म्हणजे हवेच्या वाटेची, जाळी शाबूत आहे का, ओव्हरफ्लोच्या तोंडाला झडप आहे का, हे बघणं कोणाच्याच रोजच्या कामात नव्हतं. जमिनीवरून टाकी रंगवलेलीच दिसते.

त्यानंतर गिडियनला कायमचा क्लोरीन लावण्यात आला. क्लोरीन असता तर काय झालं असतं? सॅल्मोनेला क्लोरीनपुढे फार तग धरत नाही. नळात थोडासा उरलेला क्लोरीनसुद्धा सुरुवातीचा मारा बराच बोथट करू शकला असता. पण गाळाने भरलेल्या काळ्या पाण्यात क्लोरीन जंतूंऐवजी गाळावरच खर्च होतो, त्यामुळे ‘क्लोरीन घातला असता तर सगळे वाचले असते’ असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

२००६ साली ईपीएचा भूजल नियम आला. सार्वजनिक भूजल योजनांची राज्याने ठरावीक काळाने, साधारणपणे तीन वर्षांतून एकदा, पूर्ण पाहणी करावी आणि त्या पाहणीत साठवण टाक्याही याव्यात, असं त्यात स्पष्ट झालं. दोनच वर्षांनी, मार्च २००८ मध्ये, कोलोरॅडोतल्या अलामोसा शहरात पुन्हा सॅल्मोनेला. तिथेही खोल भूजल, तिथेही १९७४ पासून क्लोरीनमधून सूट, तिथेही साठवण: या खेपेला जमिनीवरची जुनी टाकी, भेगा आणि भोकं पडलेली, प्राण्या-पक्ष्यांची विष्ठा आत जाईल अशी. नोंद झालेले रुग्ण ४४२, मृत्यू १, आणि प्रत्यक्षात १,३०० पर्यंत लोक आजारी पडले असावेत असा राज्याचा अंदाज. शहर तेव्हा आर्सेनिक काढण्यासाठी नवं केंद्र बांधत होतं. त्यात क्लोरीनची सोय होती आणि ते त्याच वर्षी सुरू व्हायचं होतं.

टाकीच्या माथ्याची पाहणी आता पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. पाणबुडे उतरवून किंवा कॅमेरा लावलेलं छोटं यंत्र सोडून टाकी न रिकामी करता आतून पाहता येते, वरून ड्रोन फिरवता येतो. तीन ते पाच वर्षांतून एकदा हे करावं अशी व्यवसायातली शिफारस आहे. खर्च होतो, आणि हजारभर नळजोडण्याही नसलेल्या गावात तो पुढच्या वर्षावर ढकलला जातो. फ्लशिंगची रीतही बदलली आहे: आधी टाकीच्या पाण्याचा नमुना घ्यायचा, व्हॉल्व्ह बंद करून पाणी एकाच दिशेने, बोअरकडून बाहेर असं काढायचं, आणि दाब ठरावीक पातळीखाली जाऊ द्यायचा नाही. गिडियनच्या कामगाराला १० नोव्हेंबरला यातलं काहीही माहीत असण्याची सोय नव्हती.